पोर्चवरचे भोपळे, कंदील आणि कुरतडणारी मंडळी : एडिसनमधल्या प्रकल्प नोंदी

जागा : न्यू जर्सीतलं एडिसन. पुढे सिमेंटचा छोटा पोर्च, घराला लागूनच गॅरेज. २०२५ मध्ये इथे लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला आणि हॅलोवीन ३१ ला. त्यामुळे कंदील, तोरण, पणत्या आणि कोरलेले भोपळे एकाच पोर्चवर, जेमतेम दोन आठवड्यांत. गणपतीच्या मखराचं सामानही याच गॅरेजमध्ये. खर्चाचे आकडे डॉलरमध्ये आणि अंदाजे आहेत.

२८ सप्टेंबर, रविवार : खोकी उघडली

गेल्या वर्षी पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरलेलं सगळं ड्राइव्हवेवर मांडलं. नुकसान तीन तऱ्हेचं निघालं आणि तिन्हींचे धनी वेगळे.

घरी केलेल्या कंदिलाचा पतंगी कागद गव्हाच्या खळीने चिकटवलेला होता. काडीवर जिथे जिथे खळ लागली होती, नेमक्या त्याच पट्ट्यांवर कागद खरवडून पातळ झालेला, कडेला वेडीवाकडी भोकं. मधला कागद जवळपास शाबूत. ही कसर. जुन्या पुस्तकांत सापडणारा चंदेरी, बिनपंखी, चपळ किडा तो हाच. कसरीला पिष्ट लागतं, आणि खळ म्हणजे बहुतांशी पिष्ट. पूर्वी बाइंडर खळीत मोरचूद घालत, पण तो विषारी आहे. मुलं ज्या कंदिलाला हात लावणार त्यात नकोच. नवीन कंदील पांढऱ्या गोंदाने चिकटवायचा ठरवला. बाटली ४ डॉलर.

भारतातून आणलेल्या बांबूच्या काड्यांच्या कंदिलाखाली मैद्याइतकी बारीक पिवळसर भुकटी साचली होती. काड्यांना टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं. बांबूचा भुंगा. काडी टेबलावर आपटली की ताजी भुकटी पडते. म्हणजे आतला कारभार अजून चालू आहे. असा कंदील पिशवीत बांधून थेट कचऱ्यात टाकावा. घडी होऊन फ्रीजरमध्ये मावत असेल तर वाचवता येतो (रीत ४ ऑक्टोबरच्या नोंदीत). हा मावत नव्हता.

पणत्यांच्या खोक्यात गेल्या दिवाळीच्या तेल प्यायलेल्या वाती तशाच राहिल्या होत्या. वाती गायब, तोरणाची लोकर पिंजून कोपऱ्यात घरटं, सगळीकडे लेंड्या. देवघरातली वात उंदीर पळवतो हे आजीच्या पिढीला माहीत होतं. इथला घरउंदीरही तेच करतो.

साफसफाईची पद्धत महत्त्वाची, कारण इथे बहुतेक जण चुकतात. लेंड्या झाडूने किंवा व्हॅक्यूमने कोरड्या काढायच्या नाहीत. धूळ उडते आणि ती श्वासात जाते. रबरी हातमोजे घालून गॅरेजचं दार अर्धा तास उघडं ठेवलं. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं मिश्रण फवारून लेंड्या चिंब केल्या, पाच मिनिटं थांबून कागदी टॉवेलने टिपून घेतल्या आणि दुहेरी पिशवीत बांधल्या. सगळी खोकी रिसायकलिंगला गेली. पुठ्ठा हे कसरीला खाणंही आहे आणि राहण्याची सोयही.

४ ऑक्टोबर, शनिवार : भोपळे आणि मक्याची कणसं

भोपळे शेतावरून आणले. निवडताना : देठ हिरवा, टणक, तीन-चार इंच लांब. साल नखाने सहज टोचली जाता कामा नये. तळ अंगठ्याने दाबून पाहायचा, कारण जमिनीवर टेकलेली बाजूच आधी मऊ पडते. उचलताना देठाला धरायचं नाही. देठ हलला की त्याच्या बुडाशी फट पडते, तिथून आधी बुरशी शिरते आणि मागोमाग चिलटं. न कापलेला चांगला भोपळा थंड, कोरड्या जागी दोन-तीन महिने राहतो. एकदा कोरला की तीन ते दहा दिवस. या प्रकल्पात काय केव्हा करायचं ते सगळं या दोन आकड्यांवर ठरतं.

घरी आणल्यावर माती धुतली. चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा (१५ मि.लि.) ब्लीच घालून साल पुसली, देठाच्या खाचेत जुना टूथब्रश फिरवला, आणि उन्हात पूर्ण वाळवून मगच पोर्चवर मांडले. सिमेंटवर थेट नाही. प्रत्येक भोपळ्याखाली टाइलचे तुकडे तीन ठिकाणी, म्हणजे खालून वारा खेळतो. ओल्या सिमेंटवर ठेवलेला भोपळा बुडाकडून सडतो आणि वरून दिसतच नाही. उचलायला जावं तर तळ तिथेच राहतो.

वाळल्या गवताचा भारा घेतला नाही. दिसतो छान, पण थंडी पडू लागताना उंदराला घराच्या भिंतीला टेकलेलं आयतं घर मिळतं. ज्यांना हवाच असेल त्यांनी भिंतीपासून लांब, अंगणाच्या टोकाला ठेवावा.

रंगीत मक्याची कणसं मात्र घेतली. यांच्यातून घरात येतात पिठातले पतंग. आता दाराला लटकवलेलं कणीस, आणि नोव्हेंबरमध्ये बेसनाच्या डब्यात जाळी. उपाय फ्रीजर : कणसं झिपच्या पिशवीत घालून, हवा काढून, उणे १८ अंश सेल्सियसला (शून्य फॅरनहाइट) निदान चार दिवस, आम्ही आठवडाभर ठेवतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतलं सामान खोलीच्या तपमानाला येऊ द्यायचं, म्हणजे दव पिशवीच्या बाहेरून धरतं. लगेच उघडली तर कणसं ओली होतात आणि किड्याच्या जागी बुरशी येते.

५ ऑक्टोबर, रविवार : गॅरेजची भोकं

भोपळ्यावर काय फवारायचं हा प्रश्न सगळे आधी विचारतात. खरं काम इथे आहे.

शिसपेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे साधारण ६ मि.मी. फटीतून घरउंदीर आत येतो. रात्री गॅरेजमध्ये दिवा लावून बाहेरून पाहिलं. जिथून उजेड दिसतो तिथून उंदीर येतो. सापडलेल्या जागा : मोठ्या दाराच्या खालच्या रबरी पट्टीचे दोन्ही कोपरे, एसीच्या नळ्या भिंतीतून जातात तिथली फट, आणि बाजूच्या दाराचा उंबरा.

नळ्यांभोवतीच्या फटीत आधी नुसता फुगणारा फोम मारून पाहिला. बाटली ७ डॉलर, काम पाच मिनिटांचं. पुढच्या शनिवारी त्यात बोगदा होता आणि खाली पिवळा भुगा. फोम उंदराला अडवत नाही, फक्त वारा अडवतो. मग तो कोरून काढला, तांब्याच्या जाळीचा बोळा स्क्रू-ड्रायव्हरने घट्ट ठासला आणि वरून सीलंट भरलं. स्टील वूलही चालतं, पण ओल लागली की गंजून चुरा होतो आणि भिंतीवर तांबडे ओघळ येतात. बाहेरच्या भिंतीला तांबंच बरं. जाळी आणि सीलंट मिळून २० डॉलर.

मोठ्या दाराची रबरी पट्टी बदलली (२५ डॉलर). कोपऱ्यांत मात्र रबर कितीही नवं असलं तरी ते कुरतडतात, म्हणून तिथे पाव इंची छिद्रांची गॅल्व्हनाइज्ड जाळी दुमडून स्क्रूने बसवली. अर्धा इंची घेऊ नये. दुकानात ती स्वस्त आणि समोर ठेवलेली असते, पण पिल्लं तिच्यातून आरामात जातात.

आत भिंतीलगत सापळे. साधे लाकडी स्प्रिंगचे, चाप भिंतीकडे तोंड करून, भिंतीशी काटकोनात, कारण उंदीर भिंतीच्या कडेने पळतो. आमिष वाटाण्याएवढं पीनट बटर. जास्त लावलं तर चाप न हलवता चाटून जातो. विषाच्या गोळ्या वापरल्या नाहीत : उंदीर भिंतीत मरतो आणि वास महिनाभर पुरतो, शिवाय असा उंदीर खाऊन घुबडं-ससाणेही मरतात. भिंतीत खोचायची अल्ट्रासोनिक यंत्रंही नकोत. फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच अशा यंत्रांच्या उत्पादकांना आणि विक्रेत्यांना दाव्यांबद्दल ताकीदपत्रं पाठवली होती. यंत्रं अजून विकली जातातच.

११ ऑक्टोबर, शनिवार : चाचणीसाठी दोन भोपळे कोरले

मुख्य भोपळे महिनाअखेरीला. आज दोन लहान भोपळे फक्त पाहण्यासाठी. एकावर सगळे उपचार, दुसऱ्यावर काहीच नाही.

झाकण वरून कापायची पद्धत सोडली. देठासकट कापलेलं झाकण वाळून आक्रसतं आणि आत पडतं. शिवाय त्या वर्तुळातून पाऊस सरळ आत. बुडाला भोक पाडलं तर आतला रस खाली झिरपतो आणि सिमेंटवर मुंग्यांची रांग लागते. म्हणून पाठीमागे, भिंतीकडच्या बाजूला, हाताची मूठ जाईल एवढं भोक. तेवढंच वायुवीजनही होतं.

आतले धागे आणि बिया काढून आइस्क्रीमच्या चमच्याने गर खरवडायचा, भिंत सुमारे एक इंच जाड राहीपर्यंत. चेहऱ्याच्या बाजूला थोडी आणखी पातळ चालते. इथे कंटाळा केला तर पुढचे सगळे उपचार फुकट जातात. बुरशी आधी लोंबणाऱ्या ओल्या धाग्यांवर येते, चिलटं अंडी तिथेच घालतात, आणि खारीला वास येतो तोही बियांचाच. बोट फिरवल्यावर भिंत गुळगुळीत लागली पाहिजे, बोटाला धागा चिकटता कामा नये.

उपचार : ४ ऑक्टोबरच्याच प्रमाणात (चार लिटरला एक मोठा चमचा) केलेल्या ब्लीचच्या पाण्यात पंधरा मिनिटं बुडवला, मग जाळीवर उपडा ठेवून रात्रभर वाळवला. पूर्ण वाळल्यावर कापलेल्या कडांना व्हॅसलिनचा पातळ हात, कडा सुकून आत वळू नयेत म्हणून. ओल्या कडेवर व्हॅसलिन लावलं तर ओल आतच कोंडते आणि चरबटाखाली काळे ठिपके येतात. व्हॅसलिन पेट घेतं, म्हणून आत खरी मेणबत्ती नाही, एलईडीचा दिवा.

ब्लीचऐवजी व्हिनेगर फवारणारेही बरेच आहेत. एक काहीतरी निवडा. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. आधी व्हिनेगर मारलेला भोपळा ब्लीचच्या बादलीत बुडवणं हेही एकत्र करणंच झालं.

खरवडलेला गर आणि बिया गॅरेजच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत. पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये, कचऱ्याची गाडी येते त्या सकाळी बाहेर. कोरायच्या भोपळ्याचा गर पाणचट आणि धागेदार, घारग्यांना कामाचा नाही. घारगे करायचे तर लहान, गोड जातीचा भोपळा वेगळा आणावा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार : वादळ गेलं, खार आली

रविवार-सोमवारच्या नॉर-ईस्टरमध्ये (ईशान्येच्या वाऱ्यांचं किनारी वादळ) पाऊस तिरपा येऊन पोर्चच्या आतपर्यंत ओल. आज सकाळी उपचार न केलेल्या भोपळ्याच्या तोंडाची खालची कड खाल्लेली. दातांच्या जोडखुणा स्पष्ट : दोन-दोन समांतर चर, कड बाहेरून आत गेलेली, खाली चोथा थुंकलेला. ही खार. उंदराच्या खुणा याहून खूप बारीक असतात, आणि हरीण खातं तेव्हा लचकाच जातो.

उपचार केलेल्यालाही एका डोळ्यापाशी चाखून पाहिलंय. ब्लीच आणि व्हॅसलिन बुरशीसाठी आहे, खारीसाठी त्याचा उपयोग नाही.

तिखटाचं पाणी केलं. नुसतं लाल तिखट पाण्यात कालवून काही होत नाही. तिखटपणा ज्याच्यामुळे येतो ते कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, आणि तिखटाचा गाळ स्प्रेच्या तोटीत अडकतो. म्हणून : दोन चमचे झणझणीत तिखट एका चमच्या तेलात कोमट केलं, त्यात अर्धा चमचा डिश सोप घालून एकजीव केलं, मग एक लिटर गरम पाणी. रात्रभर ठेवून जुन्या सुती कापडातून दोनदा गाळलं. फवारताना वारा पाठीमागून हवा. चष्मा आणि हातमोजे. सुकून खडबडीत झालेल्या जागी नीट बसतं, व्हॅसलिन लावलेल्या कडेवरून ओघळून जातं.

१८ ऑक्टोबर, शनिवार : धनत्रयोदशी, चाचणीचा निकाल

उपचार न केलेल्याच्या आत करडी-पांढरी लव, तोंड आत ओढलं गेलेलं, चिलटांचा थवा. टाकला. उपचार केलेला उभा आहे; काळे ठिपके फक्त खालच्या ओठाच्या खाचेत, जिथे पावसाचं पाणी साचत होतं. पुढच्या भोपळ्यांना त्या खाचेच्या तळाला बाहेरच्या बाजूने उतार द्यायचा, म्हणजे पाणी राहणार नाही.

तिखटाने खार दोन दिवस लांब राहिली. नंतर भुरभुर पाऊस झाला आणि ती परत. म्हणजे पाऊस झाला की पुन्हा फवारणी. शिवाय हॅलोवीनच्या दिवशी हे अजिबात नको : मुलं भोपळ्याला हात लावतात आणि तोच हात डोळ्यांना.

यापेक्षा सोपा उपाय खारीच्या वेळापत्रकात आहे. खार दिवसाची, अंधार पडला की ती घरट्यात. कोरलेला भोपळा बघायचा असतो अंधारात. तेव्हा कोरलेले भोपळे संध्याकाळी बाहेर आणि झोपण्याआधी आत. रात्री बाहेर ठेवले तर हरणं आणि रकून आहेतच. दिवसा पोर्चवर फक्त न कापलेले. हे ठरल्यावर तिखटाची बाटली नुसती पडून राहिली.

पोर्चवर दिवाळीचं सामान चढलं. रांगोळी शिरगोळ्याची, ओक ट्री रोडवरच्या दुकानातून. तांदळाच्या पिठाची काढणाऱ्यांनी इथे ती दुसऱ्या दिवशी पुसावी. आपल्याकडे ती मुंग्या-चिमण्यांनी खावी म्हणूनच काढतात. इथे पहिल्या रात्री खाणारा उंदीर असतो, आणि मग त्याला पोर्चचा रस्ता पाठ होतो. झेंडूचं तोरण ताजं, पण फुलं ओवण्याआधी उलटी धरून झटकली. पाकळ्यांत कानकिडे लपलेले असतात. दमट हवेत चौथ्या-पाचव्या दिवशी फुलाचं बूड काळं पडतं. तेव्हा तोरण उतरवायचं, पाडवा-भाऊबीज बघत बसायचं नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार : पणत्या आणि स्वयंपाकघरातली चिलटं

लक्ष्मीपूजनाच्या रात्रीच पणत्या विझल्यावर आत घेतल्या. उरलेलं तेल कागदाने टिपलं, वाती फेकल्या, पणत्या गरम साबणाच्या पाण्यात. मातीच्या पणतीत तेल मुरतंच, तो वास पूर्ण जात नाही. म्हणून वाळल्यावर काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाखाली. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही.

स्वयंपाकघरात चिलटं दिसू लागली. संशय भोपळ्यावर, पण बाहेर दहा-बारा अंशांत त्यांची वाढ रेंगाळते. २५ अंशांना अंड्यापासून चिलट व्हायला आठ-दहा दिवस. १८ अंशांना जवळपास दुप्पट. मूळ घरात असणार. शोधल्यावर पूजेच्या ताम्हनाखाली काळं पडलेलं केळं निघालं. पेल्यात दोन बोटं ॲपल सायडर व्हिनेगर आणि डिश सोपचा एक थेंब. सोपशिवाय चिलटं वर बसतात आणि उडून जातात. सोपने पृष्ठताण मोडतो आणि ती बुडतात. वर प्लॅस्टिकची फिल्म लावून भोकं पाडायची गरज नाही. मात्र मूळ काढल्याशिवाय हा पेला म्हणजे फक्त मोजदाद.

२९ ऑक्टोबर, बुधवार : मुख्य भोपळे कोरले

चाचणीची रीत, खाचेला उतार देऊन. चाकूऐवजी भोपळ्यासाठी मिळणारी बारीक दात्यांची करवत (संच ६ डॉलर). कडा सफाईदार येतात, आणि फाटलेल्या कडेपेक्षा सफाईदार कड उशिरा सडते.

ब्लीचचं पाणी ताजं केलं. कालवलेलं ब्लीच एका दिवसात निकामी होतं, ११ तारखेची बाटली नुसतं पाणी झाली होती.

वाळायला रात्र दिली. घाई करणाऱ्यांसाठी : पंखा लावा, हेअर ड्रायर नको. गरम हवेने कड शिजल्यासारखी मऊ पडते.

३० ऑक्टोबर, गुरुवार : पाऊस

दिवसभर मुसळधार. कोरलेले भोपळे बाहेर ठेवायचा प्रश्नच नाही; घरात २१ अंशांची ऊब, तिथे एका रात्रीत मऊ पडतात; गॅरेज थंड पण उंदरांचा इलाका. लहान दोन फ्रिजमध्ये गेले, पिशवीत सैल गुंडाळून. मोठा गॅरेजमध्ये धातूच्या मांडणीच्या सर्वांत वरच्या फळीवर, वर उपडी लोखंडी जाळीची टोपली आणि तिच्यावर वीट. सापळे खाली चालूच. सकाळी टोपलीतला शाबूत, सापळ्यात एक.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आकाश मोकळं, वारा मात्र जोरात. साल ओल्या फडक्याने पुसून तिखटाचा अंश काढला. न कापलेल्यांवर आधीचे फवारे बसलेले होते, तेही पुसले. अंधार पडताना बाहेर, एलईडीचे दिवे आत. चॉकलेटची परडी पोर्चवर रात्रभर ठेवायची नाही, एवढंच जास्तीचं.

२ नोव्हेंबर, रविवार : उतरवणं

कोरलेले सगळे गेले. एलईडी काढून, तुकडे करून कंपोस्टमध्ये, वरून वाळक्या पानांचा जाड थर. रंगवलेले किंवा चमकी लावलेले भोपळे कंपोस्टमध्ये नकोत. न कापलेले थँक्सगिव्हिंगपर्यंत राहतील. तुळशीच्या लग्नाला बांधलेला ऊस मात्र दुसऱ्या दिवशी काढावा. इथल्या पिवळ्या गांधीलमाश्या अजून मेलेल्या नसतात आणि छाटलेल्या पेऱ्यावर गर्दी करतात.

बाहेरून आत येणारी प्रत्येक वस्तू उन्हात धरून तपासली. दोन पाहुणे शोधायचे होते.

लँटर्नफ्लायची अंडी : अमेरिकेत हा किडा पहिल्यांदा २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत सापडला, आता न्यू जर्सीत सगळीकडे आहे. शरद ऋतूत तो कुठल्याही सपाट पृष्ठभागावर अंडी घालतो आणि वर करडा लेप देतो. सुकलेला चिखल लागलाय असंच वाटतं. लाकडी पाटीच्या मागच्या बाजूला, खिळ्याशेजारी, इंचभर लांबीचा असा एक डाग होता. जुन्या बँक कार्डाने खरवडून हँड सॅनिटायझर घातलेल्या झिपच्या पिशवीत पाडला. नुसता जमिनीवर खरवडून उपयोग नाही, अंडी जगतात.

स्टिंक बग : हाही आयात, १९९८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला पहिल्यांदा सापडला. थंडीसाठी कापडाच्या घड्यांत शिरतो. पडद्याच्या चुण्यांत निघाले. चिरडायचे नाहीत, वास कापडाला बसतो. साबणाच्या पाण्याच्या डब्यावर कापड झटकलं की आपोआप खाली पडतात.

८ नोव्हेंबर, शनिवार : भरणं

रबरी गॅस्केट आणि चारी बाजूंनी कड्या असलेले डबे घेतले, प्रत्येकी १८ डॉलरच्या आसपास. पिवळ्या झाकणाचे मोठे काळे डबे जवळपास निम्म्या किमतीत मिळतात आणि उंदरापुरते ठीक आहेत, पण झाकणाच्या कडेला एवढी फट असते की कसर सहज जाते. कागद-कापडाला गॅस्केटवाले, दिव्यांच्या माळा आणि तारांना साधे. पैसे असेच वाटून वापरावेत.

भरण्याआधी सगळं दोन दिवस घरात कोरडं केलं. ओल आत कोंडली तर गॅस्केट उलट बुरशीला मदत करतं. प्रत्येक डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. वर्तमानपत्रात गुंडाळणं बंद; जुन्या सुती चादरी, खळ न केलेल्या.

डांबराच्या गोळ्यांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो. त्या कपडे खाणाऱ्या पतंगांच्या अळ्यांसाठी (त्यांनाही कसरच म्हणतात), हवाबंद डब्यात वापरायच्या असतात; गॅरेजमध्ये उघड्या टाकल्या तर वाफ आपल्याच नाकात, आणि उंदराला काही फरक नाही. त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या वाफेने थर्माकोल विरघळल्यासारखा होतो. मखराच्या खांबांजवळ गोळ्या ठेवल्या तर कडा आत जाऊन पृष्ठभाग चिकट आणि खडबडीत होतो, रंगाला पोपडे येतात. मखराच्या डब्यात गोळी नाही म्हणजे नाही. पुदिन्याच्या तेलाचे बोळेही वगळले. वास उडून गेल्यावर उंदराला त्यातला कापूस घरट्याला चांगला.

डबे धातूच्या मांडणीवर, जमिनीपासून फूटभर वर, भिंतीपासून चार बोटं दूर, म्हणजे मागून टॉर्च फिरवता येतो. खालच्या फळीवर चिकट कागदाचे छोटे कीटक-सापळे, तारीख लिहून. हे मारण्यासाठी नाहीत, कोण येतंय ते कळण्यासाठी. त्यावर उंदीर अडकेल एवढे मोठे घेऊ नयेत.

एकूण खर्च : डबे धरून साधारण १६० डॉलर. त्यातले तिखट, ब्लीच, व्हॅसलिन मिळून दहाच्या आत.

६ डिसेंबर, शनिवार : तपासणी

चिकट कागदांवर कोळी आणि एक कसर, तीही बाजूच्या दाराजवळच्या कागदावर. त्या उंबऱ्याला ब्रशची पट्टी लावली (१२ डॉलर). स्प्रिंगचे सापळे महिनाभर रिकामे होते, पण मागच्या आठवड्यात कपडे वाळवायच्या ड्रायरखालच्या सापळ्यात एक. म्हणजे ड्रायरच्या बाहेरच्या नळीतून येत असणार. तोंडावरची प्लॅस्टिकची झडप मोडून अर्धी उघडी राहिलेली.

तिथे पाव इंची जाळी ठोकण्याचा मोह होतो. ठोकू नये. कपड्यांचा कीस जाळीत साचतो, हवा अडते आणि ड्रायरला आग लागायची भीती. जाळीशिवायचं, सरळ रेषेत वर उचललं जाणारं धातूच्या झडपेचं तोंड मागवलं आहे, २२ डॉलर. ते बसवताना भिंतीभोवतीची कड सीलंटने भरायची, झडपेची हालचाल मोकळी ठेवायची, आणि ड्रायर चालू करून झडप पूर्ण उघडते ना आणि बंद केल्यावर आपल्या वजनाने पडते ना, हे दोन्ही पाहायचं.